गाणारी एलायझा, न गाणारा हिगिन्स : ‘माय फेअर लेडी’च्या मूळ नाट्यप्रयोगाचा (१९५६) एक विचार

प्रस्तावना

‘माय फेअर लेडी’ या संगीत सुखात्मिकेचा ब्रॉडवेवरील पहिला प्रयोग १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरमध्ये झाला. २९ सप्टेंबर १९६२ रोजी हे नाटक उतरले, तेव्हा त्याचे २,७१७ प्रयोग पूर्ण झाले होते. ब्रॉडवेवर सर्वाधिक काळ चाललेले संगीत नाटक हा मान तोवर ‘ओक्लाहोमा!’ या नाटकाकडे होता. तो ‘माय फेअर लेडी’ने आपल्याकडे घेतला. ॲलन जे लर्नर यांची संहिता व गीते, फ्रेडरिक लोव यांचे संगीत, मॉस हार्ट यांचे दिग्दर्शन, ऑलिव्हर स्मिथ यांचे नेपथ्य, सेसिल बीटन यांची वेशभूषा आणि हान्या होल्म यांचे नृत्यदिग्दर्शन अशी ही जुळणी होती. रेक्स हॅरिसन यांनी प्रोफेसर हिगिन्सची, ज्युली अँड्र्यूज यांनी फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटलची आणि स्टॅन्ली हॉलोवे यांनी तिच्या बापाची भूमिका केली. सुमारे ४ लाख डॉलर्सचा खर्च सीबीएस या प्रसारण कंपनीने उचलला. तिच्याच मालकीच्या कोलंबिया रेकॉर्ड्सने पहिल्या प्रयोगानंतर दहा दिवसांनी, २५ मार्च रोजी, त्याच नटसंचाकडून गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली.

ही ध्वनिमुद्रिका, छापील संहिता, छायाचित्रे आणि संबंधितांनी लिहिलेल्या आठवणी हीच आज त्या प्रयोगाच्या अभ्यासाची साधने होत. यांपैकी ध्वनिमुद्रिका सर्वांत बोलकी, आणि काहीशी फसवीही आहे. कारण तिच्यात गाणी ऐकू येतात. गाणाऱ्यांच्या शेजारी गप्प उभी असलेली पात्रे तिच्यात नसतात. पुढील विवेचनात या गप्प उभ्या असलेल्या पात्राला महत्त्व आहे.

या नाटकाविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : शेवटी एलायझाने हिगिन्सकडे परत यावे हे योग्य की अयोग्य? प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु तो संवादाच्या पातळीवरच विचारला जातो. संगीत नाटकात कोण काय बोलतो याला जितके महत्त्व असते, तितकेच महत्त्व गाणे कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाकडून ते काढून घेतले जाते यालाही असते. ‘माय फेअर लेडी’च्या मूळ प्रयोगात जिला बोलता येत नाही असे मानले जाते ती गाते, आणि जो बोलणे शिकवतो त्याला गाता येत नाही. या विषमतेतच त्या प्रयोगाचे सामर्थ्य आहे, आणि त्याच्या शेवटाचे वैगुण्यही तिच्याच आधारे ओळखता येते.

शॉ यांचा विरोध आणि चित्रपटाची वाट

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत झाला, लंडनला तो ११ एप्रिल १९१४ रोजी पाहायला मिळाला. हिगिन्सची भूमिका करणारे हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी नाटक संपताना आणि पडदा पडण्यापूर्वीच्या क्षणात एलायझाकडे फुले फेकण्याची युक्ती काढली. प्रेक्षकांना हवे असलेले मीलन त्यांनी एका हालचालीत देऊन टाकले. शॉ संतापले. १९१६ मध्ये त्यांनी नाटकाला गद्य उपसंहार जोडला आणि एलायझा हिगिन्सशी नव्हे, तर फ्रेडीशी लग्न करते, असे निक्षून सांगितले. नाटक संपल्यावर नाटककाराला असे पुरवणी निवेदन द्यावे लागते, यावरून प्रेक्षकांचा कल कोणीकडे होता हे उघडच आहे.

आपल्या नाटकाचे संगीत नाटक होऊ देण्यास शॉ यांचा ठाम नकार होता. ‘आर्म्स अँड द मॅन’वरून ऑस्कर स्ट्राउस यांनी १९०८ मध्ये केलेल्या ऑपेरेटाचा अनुभव त्यांना पुरेसा वाटला होता. १९५० मध्ये शॉ यांचे निधन झाले आणि मार्ग मोकळा झाला. तरी वाट सोपी नव्हती. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन या मातब्बर जोडीने प्रयत्न करून तो सोडून दिला. लर्नर आणि लोव यांनीही १९५२ मध्ये हात टेकले होते. १९५४ मध्ये ते पुन्हा याच विषयाकडे वळले. अडचण नाटकाच्या घडणीतच होती. त्यात उपकथानकातली दुसरी प्रेमी जोडी नाही, समूहगायनाला जागा नाही, प्रेमकथाही धड नाही. आहे ते अखंड बोलणे. लर्नर यांना सापडलेला तोडगा असा की, शॉ यांचे संवाद शक्यतो तसेच ठेवायचे आणि दोन अंकांच्या मधल्या काळात जे घडते ते रंगमंचावर आणायचे.

मात्र या ‘मधल्या’ प्रसंगांपैकी महत्त्वाचे प्रसंग १९३८ च्या चित्रपटात आधीच आलेले होते. गॅब्रिएल पास्कल यांनी निर्मिलेल्या त्या चित्रपटात उच्चारांची शिकवणी होती, नृत्यसमारंभ होता आणि एलायझाचे परत येणेही होते. पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, परंतु तो शेवट त्यांच्या मनाचा नव्हता. म्हणजे ‘माय फेअर लेडी’ हे नाव घेताना ज्या शेवटाबद्दल लर्नर यांना दोष दिला जातो, तो त्यांना वारसाहक्काने मिळालेला होता. लर्नर यांनी तो डोळसपणे स्वीकारला. छापील संहितेच्या प्रास्ताविकात उपसंहार वगळल्याचे सांगून, त्याबाबत शॉ यांचे म्हणणे बरोबर असल्याची आपल्याला खात्री नाही, असे त्यांनी मिस्कीलपणे नमूद केले आहे.

हिगिन्सचे बोल

रेक्स हॅरिसन हे गायक नव्हते. तालमीत बसलेला, श्वासाचा नेमका वापर जाणणारा, उपरोधिक संवादफेकीत वाकबगार असा तो गद्य नट होता. मराठी रंगभूमीवर एकेकाळी ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’सारख्या गद्य नाटके करणाऱ्या संस्था आणि ‘गंधर्व’सारख्या संगीत मंडळ्या यांचे प्रांत निरनिराळे मानले जात, संगीत नाटकाच्या नायकाला गळा नाही ही कल्पनाच तेथील रसिकाला रुचली नसती. ब्रॉडवेवरही हा प्रकार विरळाच होता. लर्नर आणि लोव यांनी हॅरिसन यांच्या मर्यादेलाच रचनेचे तत्त्व केले. हिगिन्सची गाणी स्वरात अर्धीमुर्धी आणि बोलण्यात पूर्ण अशी बांधली गेली. सूर वाद्यवृंदाने धरायचा आणि नटाने त्यावरून शब्द चालवत न्यायचे, कधी मागे रेंगाळत, कधी पुढे धाव घेत. संगीत-संचालक फ्रान्झ ॲलर्स यांचे काम त्यामुळे अवघड झाले असणार, कारण ठरलेल्या लयीत नट राहील याची शाश्वती नव्हती.

हे केवळ सोयीसाठी झाले असते, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु हिगिन्स हा उच्चारशास्त्राचा माणूस आहे. माणसाच्या तोंडून निघालेल्या स्वरव्यंजनांवरून तो त्याचा जिल्हा, किंबहुना लंडनमधली गल्लीही सांगतो. त्याच्या लेखी ध्वनी हा नोंदण्याचा विषय आहे, भोगण्याचा नाही. असा माणूस सुरात विरघळला, तर तो हिगिन्स उरणार नाही. त्याच्या पहिल्या गाण्यात तो इंग्रजांच्या भाषाविषयक हलगर्जीपणावर तुटून पडतो, दुसऱ्यात आपण किती साधे व निरुपद्रवी गृहस्थ आहोत हे सांगता सांगता स्त्रीजातीवर आगपाखड करतो. दोन्ही ठिकाणी चाल मधूनच गोड होऊ पाहते आणि तो ती शब्दांनी कापून काढतो. ध्वनिमुद्रिकेत हा विनोद आजही ताजा वाटतो, कारण तो शब्दांपेक्षा शब्द आणि सूर यांच्या भांडणातून निर्माण होतो.

हॅरिसन यांची शॉ यांच्यावरची निष्ठाही या घडणीला उपकारक ठरली. तालमीत एखादे वाक्य परके वाटले की ते ‘पिग्मॅलियन’ची पेंग्विन आवृत्ती मागवून ताडून पाहत. लर्नर यांना हा प्रकार इतका जाचक झाला की, त्यांनी पेंढा भरलेला पेंग्विन पक्षीच त्यांना आणून दिला, अशी आठवण आहे. गमतीचा भाग सोडला, तरी या हट्टामुळे गद्य आणि गीत यांच्यातील सांधा पक्का राहिला हे नाकारता येत नाही.

एलायझाचे गाणे आणि एलायझाचे मौन

ज्युली अँड्र्यूज यांचे वय त्या वेळी अवघे २० होते. त्यांचा आवाज लहानपणापासून तयार झालेला, उंच स्वरांत निर्मळ राहणारा होता. अभिनयाची शिदोरी मात्र तोकडी होती. लंडनच्या कष्टकऱ्यांची कॉकनी बोली त्यांना येत नव्हती. इंग्लंडमधील या मुलीला ती बोली अमेरिकेत एका अमेरिकन उच्चारतज्ज्ञाकडून शिकावी लागली. शॉ यांना या विसंगतीचे नाटक सुचले असते. भूमिका हाती लागेना, तेव्हा मॉस हार्ट यांनी बाकीच्या नटसंचाला सुटी देऊन दोन दिवस एकट्या अँड्र्यूज यांच्याकडून एकेक वाक्य बसवून घेतले. ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. परंतु प्रोफेसर आणि शिष्या यांचे नाते रंगमंचामागेही कसे जिवंत होते, याकडेही ती लक्ष वेधते.

पहिल्या अंकात एलायझाला जणू गाण्याचे वरदान आहे. भाजीबाजारातल्या थंडीत ऊबदार खोलीचे स्वप्न ती गाण्यात पाहते. हिगिन्सच्या छळाला कंटाळून त्याच्या देहदंडाची कल्पनाही गाण्यातच रंगवते. तिची भाषा अशुद्ध आहे आणि तिचा सूर शुद्ध आहे. तिचे व्यक्तिमत्त्व हिगिन्सने घडवलेले नाही, ते आधीपासून पूर्ण आहे, हे सांगायला शॉ यांना पाच अंक लागले; येथे ते तिच्या पहिल्याच गाण्यात प्रेक्षकांच्या कानी पडते. पुढे स्पेनमधल्या पावसाचे सरावाचे वाक्य तिच्या जिभेवर अचानक सरळ बसते आणि त्या वाक्याचेच नृत्य होते. या एका प्रसंगात हिगिन्स, पिकरिंग आणि एलायझा समपातळीवर येतात. शिक्षणाचा आनंद म्हणजे काय, हे रंगमंचावर इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवले गेले असेल. त्यानंतर रात्रभर नाचण्याची इच्छा सांगणारे तिचे गाणे येते. त्यात ती हिगिन्सच्या प्रेमात पडली आहे की स्वतःच्या नव्या सामर्थ्याच्या, हे गाण्याने मोकळेच ठेवले आहे आणि ते योग्यच झाले.

यानंतर मात्र एलायझाचे मौन सुरू होते. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी न्यू हेवन येथे चाचणी प्रयोग ठरला होता. वाद्यवृंदासह गाण्याच्या धास्तीने हॅरिसन यांनी आयत्या वेळी रंगमंचावर जाण्यास नकार दिला. बाहेर हिमवादळ होते, तरी प्रेक्षक येऊन ठेपले होते, आणि अखेर त्यांना उभे राहावेच लागले. प्रयोग यशस्वी झाला, पण लांबला. काटछाटीत पहिल्या अंकाच्या अखेरीचा मोठा भाग गेला : हिगिन्सचे एक गाणे, एलायझाला समारंभासाठी सजवण्याचा नृत्यप्रवेश आणि समारंभापूर्वी तिच्या मनातली भीती व्यक्त करणारे तिचे गाणे. हे शेवटचे गाणे लर्नर आणि लोव यांनी पुढे ‘जीजी’ या चित्रपटात वापरले. नाटकात त्याच्या जागी एक छोटा प्रवेश आला : नटलेली एलायझा जिन्यावरून उतरते आणि हिगिन्स तिला हात देतो. वेगाच्या दृष्टीने हा बदल निर्विवाद फायद्याचा ठरला. पण त्याची किंमत एलायझाच्या अंतर्मनाने दिली. आता ती केवळ पाहण्याची वस्तू झाली.

दुसऱ्या अंकाच्या आरंभी या मौनाचे मोल वसूल होते. समारंभाहून परतल्यावर पिकरिंग हिगिन्सची तारीफ करतो, हिगिन्स ती स्वीकारतो, नोकरचाकर साथ देतात आणि विजयाचे एक लांबलचक गाणे रंगते. साऱ्या नटसंचात जिचा गळा सर्वांत समर्थ, ती या गाण्यात एक शब्दही उच्चारत नाही. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला हा प्रसंग एक खुसखुशीत समूहगान वाटतो. प्रेक्षागृहात बसलेल्याला तो अपमान दिसत असणार. मूळ प्रयोगातला हा सर्वांत नाट्यपूर्ण क्षण होय, आणि तो घडतो न गाण्यातून. पुढे सपाता भिरकावल्या जातात, तेव्हा त्यामागे त्या मौनाचे सगळे वजन असते. फ्रेडी प्रेमाची भाषा बोलू लागताच ती त्याला झिडकारून शब्द पुरे, आता कृती दाखव, असे गाण्यातून बजावते, तेही याच मौनानंतर. त्यानंतर ती फुलबाजारात जाते. तिथे तिच्या जुन्या गाण्याचे सूर आहेत, पण तिला कोणी ओळखत नाही.

शेवट कोणाचा?

एलायझाचे अखेरचे गाणे हिगिन्सच्या आईच्या घरी येते. तुझ्याविना जगाचे व्यवहार चालतात आणि माझेही चालतील, असा त्याचा आशय आहे. शॉ यांच्या स्वतंत्र एलायझाला न्याय देणारे हे गाणे. परंतु ते तिला पूर्ण करू दिले जात नाही. हिगिन्स मध्येच घुसतो, तिचा हा बाणेदारपणा ही आपलीच करामत आहे असे म्हणत गाण्याचा शेवट स्वतःच्या नावे करतो. दाद विनोदाला मिळते, आणि गाणे तिच्या हातून जाते ते कायमचेच.

त्यानंतर घरी परतणाऱ्या हिगिन्सचे दीर्घ आत्मगत येते. त्याला तिच्या चेहऱ्याची सवय झाली आहे, याची कबुली देताना या रुक्ष माणसाच्या तोंडी प्रथमच चाल टिकते. मधूनच तो पुन्हा बिथरतो, एलायझाच्या दारिद्र्याची सूडबुद्धीने कल्पना करतो, आणि पुन्हा त्याच सुरावर येतो. गाणे लर्नर आणि लोव यांच्या कर्तृत्वाचा कळस आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण त्यामुळे नाटकाचा भावनिक तोल कोणीकडे झुकतो, हे पाहिले पाहिजे. जो गात नव्हता तो गाऊ लागला, ही प्रेक्षकांच्या कानांना जाणवलेली सर्वांत मोठी घटना ठरते. जिचे आयुष्य बदलले तिला मात्र सूर उरत नाही. अखेरच्या प्रवेशात हिगिन्स तिच्या पहिल्या दिवसाचे मुद्रण यंत्रावर ऐकत बसतो. ती हलकेच येते, यंत्र बंद करते आणि हातपाय धुऊन आल्याचे आपले जुने वाक्य जुन्याच बोलीत स्वतः म्हणते. तो तिला सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो.

या वाक्यात एलायझा हिगिन्सची थट्टा करते, ती दोन्ही भाषा हाताळू शकते हे दाखवून देते, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो संहितेशी विसंगत नाही. तथापि संगीत नाटकात थट्टेलाही गाण्याचा आधार लागतो, आणि येथे तो नाही. यंत्रातला आवाज थांबतो आणि त्याची जागा एक जिवंत आवाज घेतो, पण त्याच वाक्यापुरता. सपातांच्या वाक्यापेक्षा हे अधिक खटकावे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शेर यांनी केलेल्या पुनरुज्जीवनात एलायझा हिगिन्सला सोडून प्रेक्षागृहातून निघून जाते. संवाद तेच ठेवून केलेला हा बदल धाडसी होता. परंतु त्यातही ती जाते ती न गाताच. दिग्दर्शकाला चाल बदलता आली, गाण्यांची वाटणी नाही.

मूळ प्रयोगाच्या जाहिरातीसाठी अल हर्शफेल्ड यांनी काढलेले रेखाचित्र या संदर्भात आठवते. ढगांत बसलेले शॉ हिगिन्सच्या दोऱ्या ओढत आहेत आणि हिगिन्स एलायझाच्या. निर्मिती-संस्थेने आपल्या नाटकाचे इतके स्पष्ट भाष्य दर्शनी भागावर लावावे, हा योगायोग विलक्षणच. पुढे तर दोऱ्यांत आणखी भर पडली. १९५७ च्या टोनी पुरस्कारांत नाटकाला ६ पुरस्कार मिळाले; त्यांत हॅरिसन होते, अँड्र्यूज नव्हत्या. १९६४ च्या चित्रपटात हॅरिसन यांची गाणी गळपट्ट्यात दडवलेल्या बिनतारी ध्वनिग्राहकावर चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केली गेली, म्हणजे न गाणाऱ्या नटाचा आवाज जसाच्या तसा जपला गेला. एलायझाच्या भूमिकेत अँड्र्यूज यांच्याऐवजी ऑड्री हेपबर्न आल्या आणि त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी पडद्याआडून गायली.

मराठीतील एक धागा

पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगमंचावर आले. ते ‘पिग्मॅलियन’चे रूपांतर म्हणून ओळखले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु या नाटकाचे जे स्वगत भक्ती बर्वे यांच्यामुळे घरोघरी पोहोचले, प्रोफेसरला धडा शिकवण्याच्या मंजुळाच्या प्रतिज्ञेचे ते स्वगत शॉ यांच्या नाटकात नाही. त्याचे मूळ १९५६ च्या प्रयोगातील एलायझाच्या गाण्यात आहे. म्हणजे पु. लं.नी शॉ यांच्याइतकेच लर्नर यांच्याकडूनही घेतले.

घेताना त्यांनी केलेला बदल अधिक उद्‌बोधक आहे. ‘आणि’ला ‘आनि’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्या समाजात ही मंजुळा उभी राहते, आणि ती गात नाही. तिचे स्वगत यमकांचे, ठेक्याचे, बोलण्याच्या अंगाने चढत जाणारे आहे. ब्रॉडवेवर लयीत बोलण्याचे जे हत्यार हॅरिसन यांच्या हाती होते, ते येथे प्रोफेसरची भूमिका करणाऱ्या सतीश दुभाषी यांच्याकडे न जाता मंजुळाकडे आले. गद्य नाटकात बोलणे हीच सत्ता असते. ती तिला तिच्या अशुद्ध भाषेत, शिकवणी पुरी होण्याच्या कितीतरी आधी मिळाली. मराठी प्रेक्षकांनी पुढे अनेक वर्षे त्या प्रयोगातून आठवणीत ठेवले, पाठ केले आणि स्पर्धांच्या मंचांवर म्हणून दाखवले ते प्रोफेसरचे एखादे वाक्य नव्हे, तर हे स्वगत.